पिऱ्हसचे हत्ती आणि रिकामा खजिना

'रोम: टोटल वॉर' हा २००४ साली आलेला संगणकीय युद्धखेळ ज्यांनी मूळ स्वरूपात खेळला आहे, त्यांना द्रव्याची विवंचना फारशी ठाऊक नसते, परंतु प्राचीन इतिहासाच्या अभ्यासू चाहत्यांनी, कसलाही मोबदला न घेता, त्याच खेळावर 'युरोपा बार्बारोरम' नावाचे जे संस्करण, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतला 'मॉड', रचले, त्यात खजिन्याचा आकडा आरंभीच शून्याखाली घसरू लागतो आणि दिग्विजयाच्या मनसुब्याने बसलेल्या गृहस्थाला फडणविशी करावी लागते.

एपिरसचेच राज्य घ्या. खेळ इ. स. पू. २७२ मध्ये सुरू होतो. ज्या वर्षी आर्गोसच्या रस्त्यांवरील झुंजीत पिऱ्हस राजा पडला आणि इटलीतले टॅरेंटम रोमच्या स्वाधीन झाले, तेच हे वर्ष. येथे मात्र पिऱ्हस हयात असतो, आणि त्याची हत्तींसह सज्ज असलेली फौज हीच त्याच्या राज्याची मोठी व्याधी असते. कारण मुलूख समुद्राने दुभंगलेला, वसूल तुटपुंजा, आणि शिबंदीचा खर्च मात्र वर्षातून चार वेळा, प्रत्येक हंगामास, बिनचूक वजा होणारा. खजिना तुटीत गेला की नवी भरतीही थांबते आणि बांधकामही.

नवखा खेळाडू प्रथम कर वाढवतो. हा उपाय दिसतो तितका फलदायी नाही: जबर करामुळे नगराची लोकवृद्धी मंदावते, रयत बिथरते, तिच्या बंदोबस्तासाठी अधिक पथके ठाण्यात अडकून पडतात, आणि वाढीव वसुलाचा मोठा भाग त्या पथकांच्याच पोटात जातो. शिवाय ठाणे राजधानीपासून जितके दूर, तितकी अफरातफरीची गळती अधिक.

खरा प्रश्न फौजेचा असतो. एखादे पथक नगरात नेऊन बरखास्त केले, तर त्यातील माणसे त्या नगराच्या लोकसंख्येत जमा होतात. खर्च थांबतो आणि करदाते वाढतात, अशी ही दुहेरी तजवीज मूळ खेळातच आहे, पण सुबत्तेत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. (हत्तीदळ मोडल्याने खानेसुमारीत पडणारी भर अर्थात नगण्यच.) तथापि सगळीच फौज मोडणारा खेळाडू शेजाऱ्याला आमंत्रण देतो. माझ्या मते, ज्या सैन्याला पोसणे अशक्य आहे ते बसवून ठेवण्यापेक्षा, त्याचा खर्च अंगावर असतानाच खाणींचा किंवा भरभराटलेल्या बंदराचा मुलूख त्याच्याकरवी जिंकून घ्यावा आणि मगच निम्मी पथके रजेवर धाडावीत. खाणींचे उत्पन्न रयतेच्या मर्जीवर फारसे अवलंबून नसते, आणि सागरी व्यापार तर शत्रूच्या आरमाराने बंदराची नाकेबंदी करेपर्यंत अखंड चालतो.

या काटकसरीतून संगणकाने चालवलेली राज्ये मात्र सुटलेली असतात. हिशेब जुळवण्याची अक्कल त्यांना नसल्यामुळे, कर्त्यांनी पार्श्वभूमीवर चालणाऱ्या एका आज्ञावलीद्वारे त्यांच्या खजिन्यात रक्कम परस्पर जमा करण्याची सोय केली आहे. तेव्हा समोरच्या दरिद्री राज्याने पुन्हा ताजी फौज उभी केलेली पाहून चक्रावू नये. त्याची जमाबंदी आपल्यासारखी नसतेच, आणि त्याचे दिवाळे निघण्याची वाट पाहणे हा वेळेचा अपव्यय होय.