कॅशेलची दोन छपरे

आयर्लंडच्या दक्षिणेत, टिपेररी परगण्यातल्या हिरव्या कुरणांमधून चुनखडीचा एक खडक एकदम वर आलेला आहे. त्यावर दोन चर्च एकमेकांना खेटून उभी आहेत. मोठे आहे ते तेराव्या शतकातले कॅथीड्रल. त्याच्या उंच भिंती टिकल्या आहेत, वर मात्र उघडे आभाळ. त्याच्या कोपऱ्यात सापडलेले लहानगे ‘कॉर्मकचे चॅपेल’ वयाने शंभर वर्षांनी वडील आहे आणि त्याचे छप्पर अजून जागेवर आहे. कॅशेलची हकिगत राजांच्या वंशावळीपेक्षा या दोन छपरांवरून जास्त नीट कळते, असे मला वाटते.

हा खडक मुळात मन्स्टरच्या राजांची गादी. ११०१ मध्ये मुइरहेर्ताख ओब्रायन या राजाने तो धर्मसंस्थेला देऊन टाकला. दानात भक्ती असेल, पण हिशेबही होता: ज्या जुन्या घराण्यांची ही गादी, त्यांच्या हाती ती पुन्हा पडणार नव्हती. त्याच जुन्या घराण्यांपैकी एकातला कॉर्मक मॅककार्थी पुढे राजा झाला. गादीचा खडक गेला होता, तरी त्यावर देऊळ बांधायला कोणाची आडकाठी नव्हती. ११२७ मध्ये काम सुरू झाले आणि ११३४ मध्ये चॅपेलचे अभिषेकपूर्वक उद्घाटन झाले.

खडक चुनखडीचा असूनही कॉर्मकने वालुकाश्म वापरला. हा दगड छिन्नीला मऊ. म्हणूनच भिंतींवर आंधळ्या कमानींच्या रांगा, वेदीच्या कमानीभोवती माणसांची आणि जनावरांची मुंडकी असे दाट कोरीव काम जमले. पण खरी करामत वर आहे. मुख्य दालनावर अर्धगोल दगडी छत, त्याच्यावर माळा आणि त्या माळ्यालाही पुन्हा दगडी कमान. बाहेरचे पाखे इतके उभे आणि इतके जड आहेत की नुसते सोडले तर मध्येच पोट खचून आत कोसळतील; माळ्याची कमान त्यांना आतून तोलून धरते. केल्स आणि ग्लेनडलॉकच्या जुन्या, साध्या चर्चांत आयरिश गवंड्यांनी ही युक्ती आधीच वापरली होती. इथे तिला दोन चौकोनी मनोऱ्यांची आणि परदेशी रोमनेस्क सजावटीची जोड मिळाली.

उत्तरेचा दरवाजा सगळ्यांत देखणा. त्याच्या कमानीखालच्या शिळेवर शिरस्त्राण घातलेला नराश्व एका प्रचंड सिंहावर बाण सोडतो आहे. त्या काळी हाच मुख्य दरवाजा असणार. पुढच्या शतकात, साधारण १२३५ ते १२७० या काळात, कॅथीड्रल उभे राहिले आणि दरवाजासमोरचे अंगणच गेले. आज ते शिल्प एका अरुंद बोळात कोंडले आहे. मागे सरून पाहायला जागा नाही, याची फार हळहळ वाटते.

कॅथीड्रलची मांडणीही नेहमीपेक्षा वेगळी आहे. पश्चिमेचा, लोकांनी उभे राहायचा भाग आखूड आणि वेदीकडचा भाग लांब. पश्चिम टोकाला पंधराव्या शतकात आर्चबिशपांचा राहता बुरूज आला. वेदीच्या बाजूला माइलर मॅग्रा यांची कबर आहे. १५७१ मध्ये ते इथले प्रॉटेस्टंट आर्चबिशप झाले, तेव्हा रोमच्या दप्तरी ते कॅथलिक बिशपही होते आणि १५८० पर्यंत तसेच राहिले.

सप्टेंबर १६४७ मध्ये इंग्लिश पार्लमेंटच्या बाजूने लढणारे सैन्य खडकावर चालून आले. गावकरी, शिपाई, पाद्री सगळे कॅथीड्रलमध्ये आसऱ्याला गेले होते. शेकडो माणसे मारली गेली. त्यांत थिओबॉल्ड स्टेपलटन हे धर्मगुरूही होते. १६३९ मध्ये ब्रसेल्सला आयरिश प्रश्नोत्तरी छापताना साध्या माणसाला वाचता यावे म्हणून त्यांनी आयरिशचे शुद्धलेखन सोपे केले होते. सैन्याचा सेनापती होता इंचिक्विनचा मुरो, आडनाव ओब्रायन. साडेपाचशे वर्षांपूर्वी ज्या घराण्याने हा खडक देवाला दिला, त्याच घराण्यातला.

तरीही कॅथीड्रलचे छप्पर त्या कत्तलीत कायमचे गेले नाही. ते उतरवले आर्चबिशप आर्थर प्राइस यांच्या काळात, १७४९ मध्ये. उपासना खाली गावात हलवली गेली. आर्चबिशपांची घोडागाडी चढ चढेना म्हणून हे केले, अशी आख्यायिका अजून सांगतात. कारण काही असो, लाकडी छप्पर उतरवता येते, त्याचा माल दुसरीकडे कामी येतो. चॅपेलच्या छपराचे तसे नव्हते. ते काढायचे म्हणजे इमारतच पाडायची. शत्रूइतकेच मालकांपासूनही त्या दगडी पाख्यांनी चॅपेलला वाचवले.

त्यांच्याखाली वेदीच्या दालनात बाराव्या शतकातली भित्तिचित्रे टिकली. पुढे कधीतरी त्यांच्यावर चुन्याचे हात फिरले. १९८० च्या दशकात ते थर काळजीपूर्वक काढल्यावर ख्रिस्तजन्माच्या कथेतले प्रसंग दिसू लागले. रंगांत राजवर्ताची निळाई सापडली. तो दगड त्या काळी अफगाणिस्तानच्या खाणींतून युरोपात जाई.

१८७० च्या दशकात खडक सरकारी संरक्षणाखाली आला, डागडुजी झाली. पण छिन्नीला मऊ असलेला तो दगड पाणीही पितो. शतकानुशतकांचा पाऊस पाख्यांत मुरला, आत ओल धरली, चित्रांवर शेवाळ चढू लागले. शेवटी अख्ख्या चॅपेलवर पहाड बांधून तात्पुरते छप्पर घातले आणि इमारतीला कित्येक वर्षे नुसते वाळू दिले. आता आत मोजकी माणसे, मार्गदर्शकाबरोबर आणि थोड्याच वेळासाठी सोडतात, कारण माणसांच्या श्वासाचीही ओल भिंतींना लागते. जायची संधी मिळाली तर या नियमावर नाराज होऊ नका. मिळेल तेवढ्या वेळात आधी वेदीवरच्या छताकडे मान वर करा.