हाकेचे शब्द आणि वर्णनाचे शब्द : महाविद्यालयीन बेसबॉलच्या निमित्ताने

बेसबॉल ह्या खेळाचा अखिल भारतीय महासंघ १९८३ साली स्थापन झाला आणि पुढे ह्या खेळाला विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांतही स्थान मिळाले. आधी महाविद्यालया-महाविद्यालयांतील सामने, त्यांतून विद्यापीठाच्या संघाची निवड आणि मग इतर विद्यापीठांशी गाठ, असा ह्या स्पर्धांचा वार्षिक क्रम असतो. ह्या क्रमाला मराठीत ‘हंगाम’ म्हणतात. शब्द मूळचा फारसी आणि त्याचा अर्थ केवळ ‘वेळ’ एवढाच. परंतु खरीप-रब्बीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तो ऐकताच पीक आठवते. किल्लारीसारख्या गावातून लातूरला किंवा नांदेडला शिकावयास आलेला एखादा विद्यार्थी अशा संघात निवडला गेला, तर एका हंगामात तो चेंडू झेलावयास व दांडका फिरवावयास तर शिकेलच. पण त्याबरोबर एक शब्दसंग्रहही आत्मसात करील. हा संग्रह कोणत्या भाषेचा असेल, आणि तो कोणत्या भाषेचा असावा, हे दोन प्रश्न एकच समजून पुष्कळदा वाद घातला जातो. वस्तुतः ते निराळे आहेत, आणि त्यांचे उत्तर एका विदेशी खेळापेक्षा आपल्या विटीदांडूतच अधिक स्पष्टपणे सापडते.

प्रथम खेळाची ओळख आवश्यक आहे. प्रत्येकी नऊ गड्यांचे दोन संघ आळीपाळीने मारा करतात आणि मैदान राखतात. मैदानात एक चौरस कोपऱ्यावर उभा केलेला असतो. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट असते व चारही कोपऱ्यांवर एकेक ठिकाण आखलेले असते. चेंडू टाकणारा गडी ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. तो टोलवून मारणाऱ्याने एकामागून एक तिन्ही ठिकाणे गाठावयाची आणि निघाला त्या चौथ्या ठिकाणी, म्हणजे ‘घरी’, परत यावयाचे, की एक धाव झाली. तीन चेंडू हुकले तर गडी बाद. चेंडू टाकणाऱ्याने चार चेंडू मर्यादेबाहेर टाकले तर मारणाऱ्यास पहिले ठिकाण आपोआप मिळते. तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपते, आणि अशा नऊ-नऊ पाळ्यांचा सामना होतो. फिरून घरी येण्याची ही कल्पना सारीपाट खेळलेल्या घरात कोणास नवी वाटणार नाही. सोंगटीही अशीच वाटेत मारली जाते किंवा सुखरूप घरी पोहोचते.

आता शब्दांकडे वळू. कोणत्याही खेळात शब्दांचे दोन थर असतात. एक थर खेळताना मोठ्याने उच्चारावयाच्या शब्दांचा : गणती, पुकार, पंचाचा निर्णय, हरकत. ह्यांना ‘हाकेचे शब्द’ म्हणता येईल. दुसरा थर खेळ संपल्यावर, किंवा खेळाबाहेर राहून, त्याचे कथन करण्यासाठी लागणाऱ्या शब्दांचा. ह्यांना ‘वर्णनाचे शब्द’ म्हणावे. हाकेचा शब्द अर्थासाठी फारसा वापरला जात नाही. तो उच्चारल्याने काहीतरी घडते. ‘खो’ ह्या शब्दाचा अर्थ विचारण्यात हशील नाही. तो दिला की पाठमोरा बसलेला गडी उठून धावतो. खो-खो आणि हुतूतू ह्या दोन्ही खेळांना त्यांच्या हाकेवरूनच नाव मिळाले, ही गोष्ट हाकेचे महत्त्व पुरेसे दाखविते.

क्रिकेटच्या मराठीत हे दोन थर स्वच्छ वेगळे दिसतात. गल्लीत खेळणारी मुले ‘आऊट’, ‘कॅच’, ‘नो बॉल’ अशा हाका मारतात. त्याच सामन्याची बातमी लिहिणारा मात्र बाद, झेल, षटक, त्रिफळाचीत, धावचीत, यष्टिरक्षक असे शब्द योजतो. ह्या वर्णनशब्दांची घडण मोठी मनोरंजक आहे. ‘बाद’ हा हिशेबाच्या दप्तरातला, वजा करण्याचा शब्द. ‘चीत’ कुस्तीच्या हौद्यातून आला. पाठ जमिनीला लागलेल्या मल्लाची अवस्था पायचीत झालेल्या गड्याला लावली गेली. ‘गोलंदाज’ म्हणजे तोफेचा गोळा डागणारा. तो लष्करातून मैदानात उतरला आणि त्याच्या धर्तीवर ‘फळी’पासून ‘फलंदाज’ तयार झाला. ‘यष्टी’ संस्कृतातली. म्हणजे कचेरी, तालीम, तोफखाना आणि पाठशाळा अशा चार ठिकाणांहून ही परिभाषा जमली. बाळ ज. पंडित ह्यांच्यासारख्यांच्या आकाशवाणीवरील धावत्या वर्णनाने ती घरोघर पोहोचली. परंतु हे वर्णन जन्मभर ऐकलेला माणूसही पंचाकडे दाद मागताना ‘पायचीत!’ असे ओरडत नाही. ही भाषेविषयीची अनास्था नव्हे. वर्णनशब्द ज्या कामासाठी घडविले, त्यात ओरडणे नव्हतेच.

हाच भेद विटीदांडूत पाहावा, म्हणजे त्याचा इंग्रजीशी काही विशेष संबंध नाही हे कळते. विटी गलीवर आडवी ठेवून दांडूने कोलतात. ती झेलली गेली तर गडी बाद होतो. नाही तर विटीच्या टोकावर आघात करून ती उडवितात व हवेतच तिला टोला देतात. मग ती पडते तेथपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात. कोलणे, झेलणे, टोला, गल, दांडू हे सर्व वर्णनशब्द मराठीत रुळलेले. परंतु मोजणी सुरू झाली की भाषा बदलते : वकट, लेंड (कित्येक ठिकाणी रेंड), मूंड, नाल. ह्यापुढे गावोगाव भेद पडतो. पाचव्या जागी बऱ्याच ठिकाणी ‘आर’ येतो, सातव्यास ‘झंकू’ किंवा त्याचे एखादे रूप. शेवटी जो आकडा उरेल त्यावर पुढचा टोला पायावरून, मुठीवरून की डोळ्यावरून मारावयाचा हे ठरते. मोजणाराच चुकला, किंवा चुकवू लागला, तर तंटा उभा राहतो. तेव्हा ही गणती सर्वांस ऐकू जाईल अशीच म्हणावी लागते.

हे आकडे तेलुगू आहेत. तेलुगूत एक, दोन, तीन, चार ह्यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. तेलुगूत शब्दारंभीचा ‘ओ’ उच्चारताना पुढे ‘व’ची छटा येते, म्हणून ‘वकट’; अंत्य ऱ्हस्व स्वर मराठीत टिकत नाही, म्हणून ‘रेंड’; आणि ‘र’चा ‘ल’ झाला की ‘लेंड’. कन्नडात हेच आकडे ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असे आहेत. ‘नाल’ दोहोंपैकी कोठूनही येऊ शकला असता. परंतु पहिल्या तीन शब्दांचा निकाल निःसंशय तेलुगूच्या बाजूने लागतो. त्यांतही ‘मूंड’ हा विशेष विचारार्ह आहे. आजच्या तेलुगूत ‘मूडु’ ह्या शब्दात अनुनासिक ऐकू येत नाही. पण जुन्या तेलुगूत तो होता आणि पारंपरिक लेखनात अर्धानुस्वाराचे चिन्ह देऊन तो दाखवीत. मराठी मुलांच्या तोंडी तो अनुस्वार अजून शाबूत आहे. शेजारच्या ‘लेंड’शी यमक जुळावे म्हणून तो मागाहून शिरला असणेही अशक्य नाही, परंतु दोन्ही शक्यता समोर असताना जुन्या रूपाचा अवशेष मानणे अधिक सरळ दिसते. पाचव्या जागेचा ‘आर’ मात्र तेलुगूत सहाचा वाचक आहे. पाचाचा ‘ऐदु’ वाटेत कोठे तरी गळाला आणि कोणाला त्याची उणीव भासली नाही. आकड्यांचा अर्थ लोपून केवळ क्रम उरला, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

ह्या गणतीवरून कोणी प्राचीन राजवटींपर्यंत तर्क नेतात. तसे करण्याचे कारण नाही. शब्द राज्याबरोबर जसा जातो तसा खेळाबरोबरही जातो, आणि मुलांच्या खेळाला सैन्याची सोबत लागत नाही. किल्लारीचेच भौगोलिक स्थान पाहावे. औसे तालुक्यातील हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा एकत्र नांदत होती आणि दरबारची भाषा उर्दू होती. तेलुगू बोली मराठीला प्रत्यक्ष भिडते ती नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट ह्या बाजूस. किल्लारीला जवळचा शेजार कन्नडाचा. शेजारधर्मानेच शब्द आले असते तर ह्या भागात विटीदांडूची गणती कन्नड असावयास हवी होती. परंतु वकट-लेंडची माळ पुण्याकडे आणि कोकणातही म्हटली जाते, जेथे तेलुगू भाषेचा शेजार नाहीच. तेव्हा ती खेळाचा भाग म्हणून, खेळाबरोबर फिरली, असेच मानावे लागते. कोकणातील मुलाने ‘वकट’ म्हणताना आपण परभाषेतील शब्द वापरतो असा संकोच कधी बाळगला नाही.

बेसबॉलच्या बाबतीत ह्या नियमाची कसोटी जपानात लागली, आणि तीही एका विद्यार्थी-संघाच्या हंगामात. १८७२ साली होरेस विल्सन ह्या अमेरिकन शिक्षकाने तोक्योतील विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला. चोवीस वर्षांनी तेथील ‘इचिको’ ह्या उच्च शाळेच्या संघाने योकोहामा येथील परदेशीयांच्या संघाशी सामना केला. २३ मे १८९६ रोजी विद्यार्थ्यांनी तो २९ विरुद्ध ४ अशा धावांनी जिंकला. जूनमध्येही ते जिंकले. ४ जुलैला मात्र १२ विरुद्ध १४ असे हरले. ह्या विजयांनी जपानभर खेळाचे नाव झाले. ते नावही नवे होते : इचिकोच्याच चूमान कानाए ह्याने १८९४ मध्ये ‘याक्यू’, म्हणजे ‘रानातला चेंडू’, असा शब्द सुचविला होता. त्याच १८९६ साली हायकूकार मासाओका शिकी ह्याने वृत्तपत्रातून खेळाची माहिती देताना मारणारा, धावणारा, उंच उडालेला चेंडू अशा कल्पनांसाठी देशी शब्द घडविले. शिकी विद्यार्थिदशेत स्वतः हा खेळ खेळला होता. हे लिहिण्याच्या वेळी क्षयाने त्याची चालण्याची शक्ती जवळजवळ संपली होती. त्याचे कित्येक शब्द आजही जपानी वृत्तपत्रांत चालतात. पंचांच्या हाका मात्र इंग्रजीच राहिल्या, जपानी उच्चाराने. १९४३ साली युद्धाच्या ज्वरात त्या हुकमाने बदलण्यात आल्या. ‘स्ट्राइक’ऐवजी ‘योशी’ म्हणावे असे ठरले. युद्ध संपले आणि ‘सुतोराइकु’ पुन्हा मैदानावर आला. वर्णनशब्द एका कवीने घडविले आणि ते टिकले. हाकेचे शब्द शासनाने बदलले आणि ते टिकले नाहीत.

मराठी बेसबॉलपुढे ह्यावरून जो मार्ग दिसतो तो अवघड नाही. ‘स्ट्राइक’, ‘बॉल’, ‘सेफ’, ‘आऊट’ ह्या पंचाच्या हाका आहेत. त्यांना प्रतिशब्द शोधण्यात श्रम घालवू नयेत. सामन्याची हकीकत लिहिण्यासाठी मात्र मराठी शब्द हवेत, आणि त्यासाठी क्रिकेटची परिभाषा जशीच्या तशी उचलणे बरे नव्हे. ‘फलंदाज’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्या शब्दातली फळी सपाट आहे. बेसबॉलचे दांडके गोल असते. तो सरळ सरळ दांडूच आहे, आणि हवेतल्या वस्तूवर त्याने मारतात तो टोला. चौरसाच्या कोपऱ्यांना ‘तळ’ म्हणण्याऐवजी ‘ठाणे’ म्हटले तर जुन्या बखरींच्या मराठीतील ‘ठाणे घेणे’, ‘ठाणे मारणे’ हे प्रयोग अनायासे उपयोगी पडतात. चेंडू टाकणाऱ्याचे लक्ष चुकवून पुढचे ठिकाण गाठणाऱ्या गड्याने ठाणे मारले असे म्हणण्यात काही ओढूनताणून आणलेले नाही. घर तर घरच. ‘पाळी’ आणि ‘डाव’ ह्यांत ‘डाव’ अधिक रुळलेला आहे. शब्द समितीने ठरवावा की वार्ताहराने, हा प्रश्न येथे गौण मानावा; इचिकोच्या संघाविषयी लोकांना वाचावयाचे होते, म्हणून शिकीचे शब्द खपले. लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या संपूर्ण हंगामाची हकीकत कोणी स्थानिक पत्रात सामन्यागणिक लिहिली, तर जे शब्द लागतील ते त्या लिहिण्यातच सापडतील.

जुन्या गणतीचे मात्र तसे नाही. ती लिहिण्याने टिकलेली नाही. वकट-लेंड हे आई-बाप शिकवीत नाहीत, शाळाही नाही. बारा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलाला ते खेळता खेळता देतो, आणि चार-पाच वर्षांत देणारा स्वतः खेळातून बाहेर पडतो. ही साखळी फार आखूड कड्यांची असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी आणि परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि कित्येक गावे जुनी जागा सोडून नव्या, रुंद रस्त्यांच्या वसाहतींत गेली. भाषा अशा आपत्तीत नष्ट होत नाही, कारण ती मोठ्या माणसांच्याही तोंडी असते. मुलांच्या खेळातील शब्दांना तो आधार नसतो. जुन्या गल्ल्यांत जी मुले त्या वर्षापर्यंत विटीदांडू खेळली, ती आज चाळिशीत किंवा त्यापलीकडे आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या हाती दांडूऐवजी क्रिकेटची बॅट आहे.

तेव्हा ह्या भागातील गणती टिपून घेण्याचे काम आताच व्हावयास हवे. त्यासाठी दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. पहिली, औसे आणि निलंगे तालुक्यांत पहिल्या दोन आकड्यांसाठी कन्नड ‘ओंदु’, ‘एरडु’ ह्यांचे एखादे अपभ्रष्ट रूप कोठे मिळते काय. मिळाल्यास गणतीची माळ एक नसून दोन होत्या असे म्हणावे लागेल. दुसरी, पाचव्या जागी ‘आर’ न म्हणता ‘ऐद’सारखा काही शब्द कोणा वृद्धाला आठवतो काय. प्रश्न विचारताना आकडे सुचवू नयेत; हातात दांडू द्यावा आणि अंतर मोजावयास सांगावे.