परका विषय, पडद्यावरचा वर्ग (लेखांक ६)

ज्याच्या प्रमाणपत्राचा बढतीशी संबंध नाही आणि ज्याच्या पहिल्या व्याख्यानातले निम्मे शब्द नवे वाटतात, तो व्यवसायाबाहेरचा अभ्यासक्रम. चाकणच्या कारखान्यातल्या डिझाइन इंजिनिअरने महाभारताच्या पर्वांचा ऑनलाइन कोर्स घेतला, हिंजवडीतल्या टेस्टरने पुरातत्त्वाचा किंवा शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी पायथनचा, तर तो या प्रकारात मोडतो. जावा येणाऱ्याने पायथन शिकणे म्हणजे घरातल्या घरात खोली बदलणे. त्याचा विचार इथे केलेला नाही.

पुण्यात या प्रकाराला इंटरनेटच्या पुष्कळ आधीची परंपरा आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला शिकले ते गणित. भारतविद्येकडे ते नंतर बर्लिनमध्ये वळले. दामोदर धर्मानंद कोसंबी हेही गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत. संस्कृत त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांचा पाठ ठरवता ठरवता पक्के केले, आणि त्यातून उभी राहिलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास करताना मात्र त्यांनी संख्याशास्त्र दाराबाहेर ठेवले नाही. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि हलके होते. ही झीज मोजण्याची रीत पक्की करण्यासाठी त्यांनी आधी चलनातली हजारो आधुनिक नाणी तराजूत घातली, मग तक्षशिलेच्या साठ्यातली. नाण्यांवरचे छाप वाचणारे अभ्यासक पुष्कळ होते. वजनातून त्यांचा काळाचा क्रम लावू पाहणारा गणिती विरळा.

परक्या विषयात शिरताना जुने हत्यार बरोबर न्यायचे, पण जुना रुबाब घरी ठेवायचा, असा हा प्रकार आहे. हत्याराचे सोपे असते. रुबाबाचे का अवघड, याचे उत्तर बुद्धिबळाच्या एका प्रयोगात मिळते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवला आणि मोहरी आठवून मांडायला सांगितली. पट खऱ्या डावातला असताना कसलेला खेळाडू नवख्याच्या कितीतरी पुढे गेला. मोहरी कशीही विखुरलेली असताना त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. कसलेल्या माणसाला सुटी मोहरी दिसत नाहीत, ओळखीच्या रचना दिसतात, आणि रचना नसली की तोही नवखाच.

पंधरा वर्षे अनुभव असलेला प्रोजेक्ट मॅनेजर पुरातत्त्वाच्या कोर्सला बसतो तेव्हा त्याच्यापुढे असाच विखुरलेला पट असतो. स्तर, मृद्भांडी, कार्बन कालमापन हे शब्द एकेक करून कळतात, पण त्यांची रचना डोळ्यांपुढे उभी राहत नाही. कामाच्या ठिकाणी दीडपट वेगाने व्हिडिओ पाहायची सवय असते, ती इथेही चालवली जाते. मग तिसऱ्या आठवड्यात काहीच लक्षात राहत नाही आणि वय झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. दोष बहुधा वयाचा नसतो, वेगाचा असतो. दुसरा दोष व्हिडिओ पुन्हा पाहण्याचा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातला ४२ टक्के भाग आठवला, तर एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. व्हिडिओ संपल्यावर वाटणारे ‘कळलं’ हे त्या पाच मिनिटांतले असते. त्यामुळे व्हिडिओ बंद करून वहीत दहा ओळी उतरवणे हे व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहण्यापेक्षा उपयोगी पडते.

गळती हा ऑनलाइन शिक्षणाचा जुना आजार आहे. एडएक्सवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये आली. २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के शेवटपर्यंत पोचले होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरले की चिकाटी येते, असा अर्थ यातून काढणे घाईचे ठरेल, कारण चिकाटी असलेलेच पैसे भरतात हेही तितकेच शक्य आहे. पण ठरलेल्या तारखांचा धाक उपयोगी पडतो, आणि परक्या विषयात तर अधिकच, कारण तिथे साहेबाचा धाक नसतो.

हा धाक एनपीटीईएलच्या रचनेत आहे. आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा उपक्रम २००३ पासूनचा. प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम २०१४ मध्ये सुरू झाले आणि आता ते ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर असतात. नाव अभियांत्रिकीचे असले तरी यादीत साहित्य, तत्त्वज्ञान, मानसशास्त्रही आहे. नोंदणी विनामूल्य, परीक्षेची फी वेगळी. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि त्यांतल्या सर्वोत्तम आठ धरल्या जातात. शंभरापैकी २५ गुण त्यांचे, ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. बारापैकी चार आठवडे हुकले तरी चालतात, ही सवलत नोकरदारासाठी मोलाची आहे: एक रिलीज आणि घरातले एक लग्न त्यात बसते.

कोर्स निवडताना नावापेक्षा ‘पूर्वतयारी’ हा रकाना आधी वाचावा. ‘पूर्वतयारी नाही’ असे लिहिलेले असले तरी तिसऱ्या आठवड्याची असाइनमेंट उघडून पाहिलेली बरी. पहिला आठवडा सगळीकडेच गोड असतो.

परक्या विषयासाठी पुण्याचा खरा फायदा पडद्याबाहेर आहे. भांडारकर संस्था, फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही तिन्ही ठिकाणे लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात, एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. भांडारकर संस्थेने ‘भारतविद्या’ या नावाने ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले आहेत; त्यांत वेदविद्या, दर्शने, महाभारताची अठरा पर्वे, पुरातत्त्व असे विषय आहेत. फिल्म इन्स्टिट्यूटने टाळेबंदीच्या काळात चित्रपट रसास्वाद ऑनलाइन शिकवला. तिथे हा विषय रुजवणारे सतीश बहादूर मुळात आग्र्याला अर्थशास्त्र शिकवत होते.

सॉफ्टवेअरमधल्या माणसाने महाभारताचा कोर्स घेतला तर चिकित्सक आवृत्तीचा एखादा खंड एकदा उघडावा. वर श्लोक असतो आणि खाली पाठभेदांची दाटी: कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द वेगळा, कोणती ओळ नंतरची. या आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. उत्तरेची आणि दक्षिणेची परंपरा अशा मुख्य फांद्या, त्यांना लिपीनुसार फुटलेले फाटे, आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेला पाठ शोधण्याची रीत. गिटवर रोज ब्रँच फोडणाऱ्याला हे पान परके वाटत नाही. उलट दिशेनेही असेच घडते. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांत क्रमाला महत्त्व आहे, दोन नियम एकमेकांना भिडले तर बहुधा पुढचा आधीच्याला बाध आणतो, आणि एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न उच्चारता चालू राहतो. संस्कृत शिकवणाऱ्या ज्या बाईंना हे अंगवळणी पडले आहे त्यांना पायथनमधला नियमांचा क्रम आणि चलाची व्याप्ती समजून घेताना फारसे थांबावे लागत नाही. (संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या दाव्याशी याचा काही संबंध नाही.) त्या अडखळतात त्या कंसांपाशी आणि ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या जागेपाशी, आणि तेवढ्याला पहिले दोन आठवडे पुरतात.