एड्सचा विषाणू कर्करोगाविरुद्ध

सूक्ष्मजीवांचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो, उपयुक्त आणि हानिकारक. दह्यातले जिवाणू, पावातले यीस्ट पहिल्या रकान्यात जातात. विषाणू मात्र सरसकट दुसऱ्यात. मुंबईत विकसित झालेला एक उपचार पाहिला, तर पहिल्या रकान्यात थोडी जागा करावी लागेल. त्यात वापरला जाणारा विषाणू एड्सच्या विषाणूपासून, म्हणजे एचआयव्हीपासून बनवलेला असतो.

एचआयव्हीची सारी माहिती आरएनएच्या धाग्यावर, अवघ्या ९ जनुकांत असते. पेशीत शिरल्यावर या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार होते आणि ती पेशीच्या गुणसूत्रात कायमची जोडली जाते. पुढे पेशी विभागली की प्रत्येक नव्या पेशीत ही प्रत जाते. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि कावळे ते आपलेच समजून उबवतात, तसाच हा प्रकार. शास्त्रज्ञांनी घरट्यात शिरण्याची कला तेवढी ठेवली आणि अंडे बदलले. विषाणूची वाढ करणारी जनुके काढून टाकल्यामुळे तो पेशीत शिरतो, पण तिथे नवे विषाणू निर्माण होत नाहीत. म्हणून रुग्णाला एड्स होत नाही. (हा प्रश्न वर्गात येणारच!)

आता अंड्याच्या जागी काय ठेवले ते पाहू. आपल्या रक्तातील टी-पेशी रोगट पेशींना ओळखून मारतात. परंतु कर्करोगाची पेशी ही आपल्याच शरीरातली, त्यामुळे ती पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटते. बी-पेशींच्या रक्तकर्करोगात रोगट पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाचे प्रथिन असते. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांना या विषाणूची बाधा घडवतात. विषाणू एक नवे जनुक आत पोचवतो आणि त्यामुळे टी-पेशीच्या अंगावर सीडी-१९ नेमके पकडणारा जणू हातच उगवतो. अशा कोट्यवधी पेशी वाढवून त्या रुग्णाला परत देतात. शरीरातही त्यांची संख्या वाढते.

हे काम आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी मिळून केले. २०२१ साली पहिल्या रुग्णावर उपचार झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावाने उपचारास परवानगी मिळाली. चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर उपचार थकलेल्या ६४ रुग्णांपैकी ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला, अशा ५१ जणांत सुमारे ७३ टक्के रुग्णांचा रोग हटला किंवा कमी झाला. उपचारामुळे दोघांचा मृत्यूही झाला, हे सांगायलाच हवे. चेतवलेली प्रतिकारयंत्रणा कधी कधी रुग्णावरच उलटते.

अमेरिकेत अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. येथे तो सुमारे एक दशांश खर्चात होतो, याचे एक मोठे कारण म्हणजे महागडा विषाणू बाहेरून न आणता इथेच बनवणे. अर्थात तीस-चाळीस लाख ही रक्कमही आपल्यापैकी किती जणांच्या आवाक्यात आहे?

नागपूरच्या शिक्षकांना मात्र वेगळाच प्रश्न पडेल. आपल्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटला जातो आणि तोंडाचा कर्करोग घराघरांत माहीत आहे. त्यावर हा उपचार का चालत नाही? सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून उपचारात त्याही मरतात. पण त्यांच्यावाचून माणूस काही काळ जगू शकतो, प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. तोंडाच्या गाठीतील पेशींवरची बहुतेक प्रथिने मात्र तोंडाच्या, अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरावरही आढळतात. ते अस्तर नष्ट करून कसे चालेल? शिवाय घट्ट गाठीच्या आत टी-पेशींचा शिरकाव अवघड असतो.

गाठींसाठी दुसरी वाट शोधली जात आहे. तोंडाभोवती फोड आणणाऱ्या नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूत बदल करून तो थेट गाठीत टोचायचा. तो कर्कपेशी फोडतो, आणि त्यांचे विखुरलेले अवशेष पाहून टी-पेशी जाग्या होतात. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी अमेरिकेने २०१५ साली अशा विषाणूला मान्यता दिली. खर्ऱ्याने झालेल्या गाठीसाठी आजही शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हेच मुख्य मार्ग आहेत.