एचबीएवनसीचा आकडा कधी फसवतो?

या एपिसोडचा हा लेखी भाग. ऑडिओ मुंब्र्याच्या बोगद्यात अडकला तर इथे वाचा.

विषय आहे रक्तातल्या प्रोटीनवर चिकटणारी साखर. तव्यावरच्या पोळीला तपकिरी डाग पडतात ना, त्यात पिठातली प्रोटीन्स आणि साखर एकमेकांना धरतात. तीच रिॲक्शन आपल्या रक्तातही होते, फक्त खूप हळू. तिला ग्लायकेशन म्हणतात. हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजली की मिळतो एचबीएवनसी. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून हा दोन-तीन महिन्यांचा हिशेब. 6.5 टक्के किंवा जास्त म्हणजे डायबिटीस.

माझ्या भाषेत सांगायचं तर ही लॉग फाईल आहे. ॲव्हरेज बरोबर येतं, पण लॉग किती दिवस साठतो हे सगळ्यांचं सारखं असेल तरच. आणि ते सारखं नसतं. आयर्न कमी असलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच जास्त काळ फिरतात आणि आकडा फुगतो. उलट रक्तस्रावात किंवा पेशी लवकर फुटणाऱ्या आजारात तो खाली येतो. एनएफएचएस-5 नुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे. शेजारच्या उल्हासनगरात सिंधी वस्ती मोठी, आणि या समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न काही पुस्तकी नाही.

माझ्या मावशीचंच घ्या. एचबीएवनसी 6.6, उपाशीपोटी शुगर 94, हिमोग्लोबिन 8.9. घरात लगेच साखरेचा डबा वरच्या फळीवर! डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी आयर्न सुरू केलं आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची टेस्ट लिहून दिली. मला हे पटलं. लक्षणं नसताना एकाच रिपोर्टवर निदान करायचं नसतं, दोन रिपोर्ट जुळावे लागतात.

आता पुण्याकडे वळू. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. महेश कुलकर्णींचा गट यावर काम करतो. त्यांचं हत्यार मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा वजनकाटा. ग्लुकोजचा एक रेणू चिकटला की प्रोटीनचं वजन 162 डाल्टनने वाढतं, आणि ही वाढ काट्यावर दिसते. 2012 च्या त्यांच्या पेपरात एक भारी गोष्ट आहे: डायबिटीस असलेल्या ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन कमी, त्यांच्यात बाकीच्या प्रोटीन्सचं ग्लायकेशन आणि एचबीएवनसी, दोन्ही जास्त. अल्ब्युमिन हे प्लाझ्मातलं सगळ्यात मुबलक प्रोटीन, त्यामुळे बरीच साखर तेच अंगावर घेतं. ते कमी पडलं की भार इतरांवर. संध्याकाळी एक फास्ट रद्द झाली की पुढच्या गाडीचं काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

याच अल्ब्युमिनवरची साखर मोजायची टेस्टही आहे, ग्लायकेटेड अल्ब्युमिन. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र देते आणि लाल पेशीच्या वयावर अवलंबून नसते. जपानमध्ये ती नेहमीच्या वापरात आहे. पण लघवीतून प्रोटीन जात असेल, लिव्हर किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर हीसुद्धा गंडते. निदानासाठी एचबीएवनसीसारखी सर्वमान्य रेषाही तिला अजून नाही. त्यामुळे लॅबच्या ॲपवर स्वतःच बुक करू नका. आईबाबांचा रिपोर्ट उघडाल तेव्हा एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिन किती आहे ते बघा, आणि ते कमी असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यामुळे आकडा बदलला असेल का?"