पुनरुत्थानाचा सण

फाल्गुन सरत आला, की हिंगोली जिल्ह्यातील शिवाराचा रंग पालटू लागतो. वसमतच्या परिसरात हळदीची पाने वाळून जातात आणि माती उकरून कंद बाहेर काढले जातात. त्यांतील निवडक कंद पुढील लागवडीचे बेणे म्हणून सावलीत जपून ठेवतात. निष्पर्ण पळस केशरी फुलांनी भरून जातो, कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते. याच दिवसांत जगभरातील ख्रिस्ती लोक ईस्टरचा सण साजरा करतात. या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती थोडी. त्यामुळे नाताळ पुष्कळांच्या परिचयाचा असला, तरी ईस्टर तितकासा नाही. वस्तुतः ख्रिस्ती धर्मात ईस्टरचे महत्त्व नाताळाहूनही अधिक मानले जाते.

नाताळाची तारीख ठरलेली. ईस्टरची तारीख मात्र चंद्रावर अवलंबून असते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. आपल्या पंचांगात ही पौर्णिमा बहुधा फाल्गुनाची किंवा चैत्राची असते. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला, गुरुवारी होती. त्यापुढचा रविवार, ९ एप्रिल, हा ईस्टरचा दिवस होता. चर्चचे पौर्णिमेचे गणित स्वतंत्र असल्याने एखाद्या वर्षी हा मेळ चुकतो, ही गोष्ट वेगळी.

या सणामागील कथा दुःखातून सुरू होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेम येथे येशू ख्रिस्ताला क्रूसावर खिळून मारण्यात आले. तो दिवस उत्तम शुक्रवार म्हणून पाळतात. शिष्य भयभीत होऊन दारे लावून बसले. शनिवार हा विसाव्याचा दिवस; त्या दिवशी कोणालाच काही करता आले नाही. रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे गेल्या, तो कबरीवरील धोंड बाजूला लोटलेली! मग्दालीया मरीया तेथे रडत उभी राहिली. जवळ आलेल्या पुरुषाला ती माळी समजली. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा कोठे तिला ओळख पटली. एवढा मोठा प्रसंग योहानाने एका हाकेत सांगितला आहे. स्त्रियांनी आणलेली ही वार्ता शिष्यांना प्रथम वटवट वाटली. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. तरीही शुभवर्तमानांत पहिला निरोप पोचवण्याचा मान स्त्रियांनाच मिळाला आहे.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. सणाच्या दिवशी पहाटे प्रार्थना होते. रंगीत अंडीही वाटतात. दगडासारख्या दिसणाऱ्या कवचातून पिलू बाहेर येते, हा त्यातील संकेत.

महाराष्ट्रात या कथेचा आधार घेऊन जगलेल्यांत पंडिता रमाबाईंचे नाव ठळक आहे. तरुणपणीच त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. पुढे भाऊ गेला, पतीही गेले. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने खंगलेल्या शेकडो स्त्रिया व मुली पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणल्या. तेथे त्यांना अन्न मिळाले, तसेच अक्षरे व हातचा उद्योगही मिळाला. अशिक्षित स्त्रियांनाही कळावे, म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद हाती घेतला. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तोवर अनुवाद पुरा झाला होता. तो केडगावच्याच छापखान्यात छापला गेला. तेथे खिळे जुळवणाऱ्या स्त्रियाच होत्या. पहाटे कबरीकडे निघालेल्या स्त्रियांची कथाही त्यांनीच अक्षर अक्षर जुळवून छापली.