मुंबईत दोन रात्री: खोलीआधी रेल्वेमार्ग

सोलापूर, जालना, कोल्हापूर किंवा रत्नागिरीहून दोन दिवसांसाठी मुंबईला जायचं ठरलं, की खोलीचा शोध बहुतेक घरांत एकाच पद्धतीने सुरू होतो. मोबाइलवर शहराचं नाव टाकायचं, भाड्याच्या चढत्या क्रमाने यादी लावायची आणि वरच्या चार-पाच नावांतून एक निवडायचं. काम मंत्रालयातलं असो, व्हिसाचं असो, परीक्षेचं असो की नुसतं शहर पाहायचं असो, पद्धत बदलत नाही. खोलीचं भाडं म्हणजेच मुक्कामाचा खर्च, असं यात धरून चाललेलं असतं. मुंबईत हा हिशेब हमखास चुकतो. हे शहर लांबट आणि चिंचोळं आहे, आणि त्याची बहुतेक वाहतूक उत्तर-दक्षिण जाणाऱ्या पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन रेल्वेमार्गांवर चालते. त्यामुळे काम कोणत्या मार्गावर आहे हे आधी पाहावं, त्या मार्गावरच्या स्टेशनपासून खोली किती पायी आहे हे नंतर, आणि भाडं त्याच्याही नंतर. हा क्रम उलटा लागण्यामागे काही पक्के समज आहेत. ते एकेक करून तपासायला हवेत.

सर्वांत जुना समज असा, की जितकं लांब राहावं तितकं स्वस्त पडतं. भाड्यापुरतं हे बरेचदा खरंही असतं. पण चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटरवर आहे आणि जलद लोकललाही सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. हार्बर मार्गावर जलद गाड्या नाहीत, त्यामुळे सीएसएमटी ते पनवेल हा प्रवास साधारण ८० मिनिटांचा. स्टेशनवर पोहोचणं, तिकीट काढणं आणि गाडीची वाट पाहणं धरलं, तर जाऊन-येऊन रोजचे साडेतीन तास गेले. दोन दिवसांच्या मुक्कामात हे सात तास होतात, म्हणजे कामाचा जवळजवळ एक दिवस. तरीही यातलं मोठं नुकसान वेळेचं नाही, दिशेचं आहे. सकाळी ८ ते ११ गर्दी उपनगरांकडून दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी ५ नंतर ती उलट वाहते. विरारला किंवा कल्याणला उतरलेला पाहुणा दोन्ही वेळा नेमका या गर्दीत सापडतो, तेही बॅग घेऊन आणि दार कोणत्या बाजूला येणार हे माहीत नसताना. याउलट मुंबई सेंट्रलला राहून सकाळी अंधेरीला जाणारा माणूस गर्दीच्या विरुद्ध दिशेने जातो. त्याला उभं राहायला, कित्येकदा बसायलाही जागा मिळते. म्हणून काम उपनगरात असलं तरी दक्षिणेकडची खोली सोयीची ठरू शकते. किलोमीटर मोजणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो: लांब राहू आणि गरज पडली तर टॅक्सी करू. ते आकड्यांत मांडून पाहू. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. म्हणजे १० किलोमीटरला साधारण २०७ रुपये. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे २५८ च्या आसपास. रिक्षा स्वस्त आहे, पण ती वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाही. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट मात्र ५ रुपये आहे, आणि उपनगरी मार्गांवर कितीही फिरता यावं यासाठी १, ३ आणि ५ दिवसांचे पर्यटक पासही मिळतात. समजा, लांबच्या खोलीने रात्रीमागे ५०० रुपये वाचवले. दिवसातून दोनदा १० किलोमीटर टॅक्सीने जावं लागलं तर त्यातले चारशेच्या वर तिथेच संपतात, आणि रस्त्यावरच्या कोंडीत गेलेला वेळ वेगळाच. टॅक्सी करूच नये, असं मुळीच नाही. म्हातारी माणसं, लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर ती करावीच. पण ती नाइलाजाने दोन वेळा करावी लागणार असेल, तर तिचे पैसे खोलीच्या भाड्यात मिळवूनच खोल्यांची तुलना करावी.

दुसरा समज याच्याच पोटातला: दक्षिण मुंबई आपल्या आवाक्यातली नाही. कुलाबा किंवा मरीन ड्राइव्ह म्हटलं की समुद्रासमोरची मोठी हॉटेलं आठवतात आणि शोध तिथेच थांबतो. पण फोर्टच्या गल्ल्यांत, सीएसएमटीच्या आसपास, ग्रँट रोड आणि मुंबई सेंट्रलच्या बाजूला आणि दादरला जुन्या इमारतींमध्ये लहान गेस्ट हाउस आणि लॉज आहेत. तिथलं भाडं कमी असण्याची कारणं उघड आहेत. खोली अरुंद असते, कधी खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते किंवा खिडकीच नसते, इमारतीला लिफ्ट नसते आणि स्वच्छतागृह कधी सामायिक असतं. ज्याला रात्री फक्त झोपायचं आहे, त्याला हे चालून जातं. आईवडिलांना घेऊन येणाऱ्याने मात्र मजला आणि लिफ्ट फोन करून विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. उलट विमानतळाजवळचा अंधेरी पूर्व हा भाग उपनगर म्हणून स्वस्त असेल, अशी अनेकांची कल्पना असते. पण तिथली बरीच हॉटेलं कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, आणि असा ग्राहक सोमवार ते शुक्रवार येतो. त्यामुळे तिथली एकच खोली बुधवारी महाग आणि शनिवारी परवडणारी असू शकते. वस्तीच्या नावावरून भाड्याचा अंदाज बांधता येत नाही, तारीख टाकून पाहावं लागतं.

स्टेशनजवळची लॉजं म्हणजे अस्वच्छ आणि असुरक्षित, असंही ठामपणे सांगितलं जातं, विशेषतः एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला. या भीतीला आधार नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. काही लॉजं तशी असतातच. पण स्टेशनपासून दोन किलोमीटर आत गेल्याने ही अडचण सुटत नाही. रात्री १० वाजता लोकलमधून उतरल्यावर वर्दळीच्या, उघड्या दुकानांच्या रस्त्यावरून पाच मिनिटं चालणं आणि अनोळखी वस्तीत रिक्षा शोधत उभं राहणं, यात पहिलंच अधिक सुरक्षित आहे. तपासायची ती इमारत. दार मुख्य रस्त्यावर उघडतं का, रात्रभर काउंटरवर माणूस असतो का, अलीकडच्या पाहुण्यांनी, त्यातही बायकांनी, काय लिहिलं आहे, हे पाहावं. एकूण गुणांकापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या तक्रारी वाचल्या तर जास्त कळतं.

आता ‘स्टेशनपासून ५ मिनिटांवर’ या जाहिरातीकडे वळू. सर्वांत जास्त फसगत इथे होते. पहिला प्रश्न कोणतं स्टेशन हा. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकल स्टेशन या दोन वेगळ्या जागा आहेत, सामान घेऊन एकीकडून दुसरीकडे चालत जाणं जिवावर येतं. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक कुर्ला म्हणतात, पण तिथून सर्वांत जवळचं लोकल स्टेशन हार्बर मार्गावरचं टिळकनगर आहे. विमानतळाचंही तसंच. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आहे, टर्मिनल २ अंधेरीच्या. दुसरा प्रश्न बाजूचा. मुंबईतली बहुतेक उपनगरी स्टेशनं वस्तीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतात. अंधेरीचंच पाहा. हॉटेल पूर्वेला आणि काम पश्चिमेला असेल, तर नकाशावर दोन्हींतलं सरळ अंतर ७०० मीटर दिसतं, पण ती रेघ रुळांवरून जाते. प्रत्यक्षात पादचारी पुलाचे जिने चढायचे, गर्दीतून पलीकडे जायचं, पुन्हा उतरायचं आणि मग उरलेलं अंतर चालायचं. म्हणून नकाशात हॉटेलपासून स्टेशनच्या त्याच बाजूच्या प्रवेशद्वारापर्यंत पायी जाण्याचा मार्ग काढून मिनिटं बघावीत. तिसरी गोष्ट, त्या स्टेशनवर जलद लोकल थांबते का. मध्य मार्गावर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे आणि पश्चिम मार्गावर मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली इथे ती थांबते. चिंचपोकळी किंवा करी रोडला धीम्या गाडीवरच भागवावं लागतं. मार्ग बदलायचा असेल तर पश्चिम आणि मध्य दोन्हींचं स्टेशन असलेलं दादर सोयीचं. ज्यांची कामं शहरात विखुरलेली आहेत त्यांनी थोडं जास्त भाडं देऊन तिथे राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेट्रो आल्यापासून एक नवा समज रुजतो आहे, की मेट्रोजवळ खोली मिळाली म्हणजे झालं. मेट्रोही शेवटी ठरावीक मार्गांवरच धावते. २०१४ मध्ये सुरू झालेली मेट्रो १ वर्सोवा ते घाटकोपर अशी आडवी जाते. मेट्रो ७ आणि २अ दहिसर ते अंधेरी या पट्ट्यातल्या आहेत. दक्षिण मुंबईत काम असणाऱ्याला दहिसरची मेट्रो थेट उपयोगाची नाही. बाहेरगावच्या माणसाच्या दृष्टीने खरा फरक पाडला तो भुयारी मेट्रो ३ ने. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं आणि तिकीट १० ते ७० रुपये. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, मुंबई सेंट्रल, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, चर्चगेट आणि मंत्रालयाजवळचं विधान भवन ही सगळी ठिकाणं एका गाडीत आली. आधी वांद्रे-कुर्ला संकुलात व्हिसाचं काम असलं, की वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरून पुढे बस नाहीतर रिक्षा शोधावी लागे. आता काळबादेवी किंवा मुंबई सेंट्रलला राहून तिथे थेट जाता येतं. दुपारचं विमान पकडायचं म्हणून विमानतळाजवळ राहायची गरजही त्यामुळे उरली नाही. पण मेट्रो ३ ची सेवा सकाळी ६ च्या सुमाराला सुरू होऊन रात्री साडेदहाच्या आसपास संपते, तर लोकल मध्यरात्रीनंतर १ च्या सुमारापर्यंत आणि पुन्हा पहाटे ४ पासून असते. पहाटे साडेपाचचं विमान असेल तर आदल्या रात्री अंधेरी पूर्वेलाच राहावं. आणि मुक्काम रविवारचा असेल तर दिवसा रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे आदल्या दिवशी पाहून ठेवावं. त्या दिवशी जवळचं स्टेशनही काही तास निरुपयोगी ठरू शकतं.

भाड्याच्या आकड्याबद्दलही गैरसमज कमी नाहीत. यादीत दिसणारी रक्कम शेवटची नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. एखादा लहान लॉज अजूनही १२ टक्के लावत असेल तर बिल मागावं. जीएसटी क्रमांक नसलेल्याला हा कर गोळा करताच येत नाही. पण करापेक्षा मोठा फटका वेळेचा बसतो. सिद्धेश्वर, महालक्ष्मी किंवा विदर्भ एक्स्प्रेसने येणारा माणूस सकाळी सीएसएमटीला उतरतो, आणि हॉटेलचा दिवस दुपारी १२ ला सुरू होतो. मग लवकर खोली दिल्याचे जादा पैसे द्या, नाहीतर बॅग घेऊन भटका. काही लॉजमध्ये २४ तासांचा हिशेब असतो. सकाळी ७ ला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला सोडायची. रात्रीच्या गाडीने येऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परतणाऱ्याला कोणती पद्धत परवडेल, हे गाडीच्या वेळा समोर ठेवूनच ठरतं. एक दिवसाचं भाडं वाचवणारा हा प्रश्न खोली ठरवण्याआधी फोनवर विचारून घ्यावा.

हॉटेलशिवाय पर्याय नाही, हा समज तर सरळ चुकीचा आहे. मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असतात. खात्रीचं किंवा आरएसी तिकीट असेल तर पीएनआर टाकून त्या आयआरसीटीसीवर आधीच ठरवता येतात. मुंबई सेंट्रल स्टेशनवर नोव्हेंबर २०२१ मध्ये ४८ पॉडचं हॉटेल सुरू झालं, तेव्हाचा दर १२ तासांना ९९९ रुपये होता. एकट्याला अंघोळ करून, चार तास झोपून कामाला जायचं असेल तर एवढं पुरतं. कुटुंबाला मात्र ते गैरसोयीचं आहे, आणि रिटायरिंग रूम ऐनवेळी मिळेल या भरवशावर कुणी निघू नये.

आणि परळच्या टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये माणूस घेऊन येणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. दोन दिवसांच्या तपासण्या म्हणून आलेला मुक्काम तिथे तीन आठवड्यांचा होतो, आणि हॉटेलचं भाडं उपचाराचे पैसे खातं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठीचीच ठिकाणं आहेत. तिथली जागा रुग्णालयाच्या कागदांवर मिळते आणि मागणी खूप असते. म्हणून नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, केसपेपर हातात आल्याबरोबर, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीबद्दल विचारावं. लॉजची खोलीही तोवर एका रात्रीपुरतीच घ्यावी.